भांडी धुण्याच्या यंत्रातील पाणी का तापत नाही?

चुलीतील राखेने भांडी घासण्याची रीत आपल्या देशात फार काळ सर्वत्र रूढ होती. ती केवळ गरिबीची सोय नव्हती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा अल्कधर्मी पदार्थ असतो. भांड्याला चिकटलेल्या तुपातेलावर त्याची क्रिया होऊन अल्पसा साबणच तेथल्या तेथे तयार होतो. राखेचे खरखरीत कण आणि नारळाची शेंडी उरलेला चिकटा खरवडून काढतात. मात्र ह्या सर्व प्रकारात मुख्य काम हाताच्या जोराचे असते. भांडी धुण्याच्या यंत्राला, म्हणजे ज्याला आपण डिशवॉशर म्हणतो त्याला, हात नसतात. त्यात पाण्याचे फवारे भांड्यांवर आदळतात, इतकेच. हाताच्या जोराची उणीव तीव्र क्षालक, पुष्कळसा वेळ आणि उष्णता ह्या तिघांनी मिळून भरून काढावी लागते. ह्यांपैकी उष्णता नाहीशी झाली की उरलेली दोन जवळजवळ निरुपयोगी ठरतात.

त्याचे कारण उघड आहे. वनस्पती तूप सुमारे ३१ ते ४१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. ज्या पाण्याचे तापमान त्याखाली आहे, ते पाणी कितीही वेगाने मारले तरी थिजलेले तूप थाळीवरून हलत नाही. उलट थोडेसे सुटलेले तूप पंपात व गाळणीत जाऊन पुन्हा थिजते. यंत्रासाठी मिळणाऱ्या क्षालकात प्रथिने व पिष्टमय पदार्थ यांचे विघटन करणारी एन्झाइमे घातलेली असतात. त्यांचा उत्साह साधारणपणे ४० ते ६० अंशांच्या टापूत असतो. भांडी वाळण्याचे कामही उष्णतेवरच अवलंबून आहे. पुष्कळशा यंत्रांत शेवटच्या विसळणीचे पाणी मुद्दाम चांगले तापविले जाते. तापलेल्या भांड्यांवरील पाण्याची वाफ होते, ती यंत्राच्या त्यामानाने थंड असलेल्या पोलादी भिंतींवर जमते आणि खाली ओघळून जाते. म्हणून काम संपल्यावर भांडी ओलीचिंब निघू लागली, तर दोष वाळविण्याच्या यंत्रणेत नसून बहुधा पाणी तापविण्याच्या यंत्रणेत आहे, असे समजावे.

ह्या यंत्राच्या इतिहासातही गरम पाण्याचाच प्रश्न आडवा आलेला दिसतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल येथे राहणाऱ्या जोसेफीन कॉक्रेन ह्या बाईंनी आपल्या यंत्राचे पेटंट २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळविले. तांब्याच्या मोठ्या भांड्यात आडवे चाक, चाकावर तारांचे कप्पे, त्यांत बशा, आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचा मारा अशी तिची रचना होती. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते यंत्र गाजले, आणि हॉटेलांनी ते विकत घेतले. घरोघरी मात्र ते लवकर पोहोचले नाही. एवढे गरम पाणी एका वेळी पुरविण्याची सोय त्या काळच्या सामान्य घरात नव्हती, हे त्याचे एक मोठे कारण होय.

आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत घरकामाला माणूस मिळेनासे झाले तेव्हा ह्या यंत्राला अकस्मात मागणी आली. आपल्याकडील बहुतेक यंत्रे थंड पाण्याच्या नळाला जोडलेली असतात व पाणी तापविण्याचे सर्व काम यंत्रातच होते. अमेरिकेत यंत्र घरातील गरम पाण्याच्या नळाला जोडण्याची पद्धत आहे, आणि तेथील विद्युत्दाबही सुमारे १२० व्होल्टच असतो. त्यामुळे अमेरिकन पुस्तकातील दुरुस्तीचा सल्ला आपल्या यंत्राला जसाच्या तसा लावू जाणे अनेकदा फसवे ठरते.

किती उष्णता लागते?

दोषाचा शोध घेण्यापूर्वी थोडा हिशेब करणे हिताचे आहे. मुख्य धुण्यासाठी यंत्र चार लिटर पाणी घेते असे मानू. भांडी व यंत्राची आतील पोलादी पेटी यांचे वजन बारा किलोग्रॅम धरू. पोलादाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे ०.१२ पट असल्यामुळे हे बारा किलोग्रॅम पोलाद उष्णतेच्या दृष्टीने जवळजवळ दीड लिटर पाण्याइतके होते. म्हणजे एकूण साडेपाच लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यावयाचे आहे. त्यास सुमारे १९० किलोकॅलरी, म्हणजे ०.२२ युनिट वीज लागेल. हीटर १८०० वॅटचा असेल तर हे काम साडेसात मिनिटांत व्हावे. प्रत्यक्षात काही उष्णता बाहेर जाते, म्हणून दहा-बारा मिनिटे लागतात. तापमान मिनिटाला तीन-चार अंशांनी चढले पाहिजे, हा आकडा ध्यानात ठेवावा.

ह्याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. पाणी फिरविणाऱ्या पंपाची मोटर साठ-सत्तर वॅट वीज घेते, आणि तीतील बहुतेक शक्ती घर्षणाने शेवटी पाण्यातच उष्णतेच्या रूपाने उतरते. परिणामी हीटर पूर्ण बंद असला तरी तासाभराने पाणी काही अंशांनी कोमट झालेले आढळते. 'पाणी अगदीच थार नाही, म्हणजे हीटर चालू आहे' असा निष्कर्ष अनेकजण काढतात तो ह्यामुळे चुकतो.

यंत्र न उघडता करावयाची परीक्षा

विजेचे काम न जाणणाऱ्यासही करता येईल अशी एक फार उपयुक्त परीक्षा आहे, आणि तिच्यासाठी उपकरण आपल्या घरात आधीच बसविलेले असते. ते म्हणजे विजेचे मीटर. पूर्वीच्या मीटरात एक चकती फिरत असे. आजच्या मीटरात एक लहानसा तांबडा दिवा लुकलुकतो. एका युनिटास तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेले असते. हा आकडा कोठे १६०० तर कोठे ३२०० असतो. घरातील शीतकपाट, पंखे, दिवे, इन्व्हर्टर सर्व बंद करावे. यंत्राला जास्त तापमानाचा कार्यक्रम लावावा, आणि सुरुवातीची थंड पाण्याची विसळण संपून मुख्य धुणे सुरू झाल्यावर दिव्याकडे पाहावे. मीटरवर ३२०० हा आकडा असेल आणि १८०० वॅटचा हीटर चालू असेल, तर दहा सेकंदांत दिवा सुमारे सोळा वेळा लुकलुकेल. केवळ पंपच चालू असेल तर दोन लुकलुकींमध्ये सतरा-अठरा सेकंद जातील. हा फरक इतका ठळक आहे की घड्याळही नीटसे पाहावे लागत नाही.

दिवा भराभर लुकलुकत असून पाणी थंडच राहत असेल, तर हीटर निर्दोष आहे आणि तापलेले पाणी यंत्रात टिकत नाही. सांडपाण्याच्या नळीचे टोक फार खाली सोडलेले असले, तर वक्रनलिकेच्या तत्त्वाने पाणी आपोआप निथळून जाते, पातळी कमी झालेली पाहून यंत्र नवे थंड पाणी घेते, आणि हीटर बिचारा गटारच तापवीत राहतो. नळीचा काही भाग कंपनीने सांगितलेल्या उंचीपर्यंत वर उचलून बांधला की हा दोष एक पैसाही खर्च न करता जातो.

दिवा संथच राहिला, तर मात्र हीटरपर्यंत वीज पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही त्यातून वाहत नाही. येथे घाईने हीटरवर आरोप ठेवण्याचा मोह टाळला पाहिजे. कोरडा हीटर क्षणात जळून जाईल, म्हणून पाण्याची पुरेशी पातळी व पुरेसा प्रवाह यांची खात्री पटल्याखेरीज यंत्राचा नियंत्रक त्याला वीज देतच नाही. गाळणीत भाताची शिते, लिंबाच्या बिया, कढीपत्त्याची पाने साचली की प्रवाह मंदावतो. नियंत्रक आपले कर्तव्य करतो, आणि पाणी थंड राहते. फेसाचाही असाच परिणाम होतो. ओट्यावर भांडी घासण्याचा द्रव साबण कोणी यंत्रात घातला, तर फेसामुळे पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागतो. म्हणून प्रथम गाळणी काढून धुवावी, फवाऱ्याच्या पंखांची छिद्रे टाचणीने मोकळी करावी, योग्य क्षालक वापरावे आणि परीक्षा पुन्हा करावी. पुष्कळ 'बिघडलेली' यंत्रे येथेच बरी होतात. विद्युत्दाबाकडेही लक्ष द्यावे. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला १८०० वॅट देणारा हीटर १९० व्होल्टला जेमतेम १२०० वॅट देतो, आणि मग यंत्र तासन्‌तास रेंगाळते.

यंत्र उघडल्यावर

ह्यापुढील काम ज्याला विजेचे ज्ञान आहे त्यानेच करावे. कळ बंद करणे पुरेसे नाही. खटका काढून प्लग हातात घ्यावा, पाण्याची तोटी बंद करावी, आणि नियंत्रक पाटीवरील धारित्रांत साठलेला विद्युत्भार उतरण्यास काही मिनिटे जाऊ द्यावीत. पाणी, पोलाद आणि २३० व्होल्ट ही तिन्ही जेथे एकत्र नांदतात तेथे अर्धवट धिटाई प्राणावर बेतू शकते.

हीटर म्हणजे मूलतः निक्रोमच्या तारेचे वेटोळे. ते धातूच्या नळीत बसवून मधली जागा मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीने ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, पण वीज जाऊ देत नाही. हीटरच्या तारांपैकी निदान एक सोडवून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. तार न सोडविता मोजल्यास दुसऱ्याच वाटेने आलेला आकडा आपण हीटरचा समजून बसतो. रोध किती हवा हे गणितानेच कळते. २३० चा वर्ग करून त्यास वॅटच्या आकड्याने भागावे. १८०० वॅटसाठी उत्तर सुमारे २९ ओहम येते. मापकाने अनंत रोध दाखविला तर आतील तार तुटली आहे, हे निश्चित. त्यानंतर हीटरचे अग्र आणि त्याची धातूची नळी यांमधील रोध पाहावा. तो मल्टिमीटरच्या आवाक्याबाहेर असला पाहिजे. नळीला सूक्ष्म भेग पडून ओल आत शिरली की हे निरोधन खालावते, आणि यंत्र तापू लागताच घरातील गळती-प्रवाह रोखणारी कळ खाली पडते. घरगुती वापरातील अशी कळ सामान्यतः ३० मिलिअँपिअरला पडते. ती वारंवार पडते म्हणून तिला बगल देऊन जोडणी करणारे, किंवा प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आढळतात. ती कळ पडते ह्याचा अर्थ पाण्यात वीज उतरत आहे, आणि तिने दिलेली ही सूचना त्या घरातील मुलाबाळांच्या जिवाची किंमत असलेली सूचना आहे. सौम्य गळती मल्टिमीटरला दिसत नाही. त्यासाठी मेगरने ५०० व्होल्टवर परीक्षा करावी लागते.

हीटरबरोबर एक अतितापरोधक कळ असते. तापमान प्रमाणाबाहेर गेले की ती मंडल तोडते. थंड स्थितीत तिच्यातून वीज जावयास हवी. तापमान मोजण्याचे काम थर्मिस्टरकडे असते. धातूचा रोध तापल्यावर वाढतो, ह्याचा मात्र कमी होतो. अनेक यंत्रांतील थर्मिस्टर २५ अंशांना सुमारे १०,००० ओहम, आणि ५० अंशांना साडेतीन ते चार हजार ओहम रोध दाखवितो. नेमके आकडे यंत्रागणिक बदलतात. पण वाटीभर गरम पाण्यात बुडविताच आकडा सावकाश व सलग उतरत गेला पाहिजे. तो मध्येच उडी मारू लागला, किंवा हललाच नाही, तर नियंत्रकाला खोटी बातमी मिळत आहे. पाणी आधीच तापले आहे अशा समजुतीने तो हीटर लावीत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या घरी जो प्रकार घडला तो येथे सांगण्याजोगा आहे. थंडीचे दिवस होते. भांडी तेलकट व ओली निघू लागली. दुरुस्तीस आलेल्या कारागिराने यंत्राखाली डोके घालून 'हीटर गेला' असे निदान केले, मापक पिशवीतून काढलेच नाही, आणि नवा हीटर बसवून पैसे घेऊन तो गेला. पाणी थंडच राहिले. तेव्हा मीटरसमोर उभे राहून मोजले, तर तीन मिनिटांत दिवा दहाच वेळा लुकलुकला. म्हणजे पंप तेवढा चालू होता. काढून ठेवलेल्या जुन्या हीटरचा रोध मोजला, तो साडेएकोणतीस ओहम भरला, निरोधनही उत्तम. ज्याला मृत ठरविले होते तो धडधाकट होता.

गाळणी स्वच्छ होती, थर्मिस्टर व अतितापरोधक कळ निर्दोष होती. मुख्य धुण्याच्या वेळी नियंत्रक पाटीवरील रिलेचा 'टक' असा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येत होता. नियंत्रक आज्ञा देत होता. हीटर ती पाळण्यास समर्थ होता. तर मग आज्ञा वाटेतच कोठेतरी हरवत होती. पाटी काढून भिंगातून पाहिली तेव्हा रिलेच्या एका पायाभोवती, कथलाच्या झाळणात, केसाएवढी गोल भेग दिसली. भोवतीची पाटी तपकिरी पडली होती.

ही भेग कशी पडली असावी, हे समजून घेण्यासारखे आहे. हीटर चालू असताना ह्या पायातून जवळजवळ आठ अँपिअर प्रवाह वाहतो. तांब्याचा पाय, कथलाचे झाळण आणि तंतुकाचेची पाटी ही तापल्यावर निरनिराळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, आणि थंड झाल्यावर आकुंचतात. रोज दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षे, हे ओढताण चालले की झाळण थकते. एकदा सूक्ष्म भेग पडली की तेथे रोध वाढतो. रोध अर्धा ओहम जरी झाला, तरी प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणून पाहा: त्या टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत तीस वॅट उष्णता निर्माण होते. झाळण करणाऱ्याची लहानशी डागणी एवढीच तापते! मग जोड स्वतःच स्वतःला जाळून पुरता तुटतो. सैल बसलेल्या तारेच्या टोकालाही हाच रोग होतो, म्हणून हीटरच्या तारांची टोके काळवंडली आहेत काय हे पाहण्यास विसरू नये.

रेडिओ व दूरदर्शन संच दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध कारागिराने जुने कथील काढून टाकले, पाय खरवडून स्वच्छ केला आणि नवे झाळण केले. पाटीचा तांब्याचा पट्टा जळालेला नव्हता, हे नशीब. तो जळाला असता, किंवा रिलेचे आतील टोक करपले असते, तर रिले बदलावा लागला असता. सर्वच यंत्रांत इतक्या स्वस्तात सुटका होत नाही. अलीकडील पुष्कळ यंत्रांत हीटर पंपाच्याच अंगावर बसविलेला असतो. तो एकटा बदलता येत नाही, पंपासह सगळा जोड घ्यावा लागतो. म्हणूनच निदान आधी अचूक हवे. युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून लागू केलेल्या नियमांनुसार ह्या यंत्रांचे हीटर, पंप इत्यादी सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांना काही वर्षे मिळत राहिले पाहिजेत. भारत सरकारनेही २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले.

राहिला प्रश्न पाण्याचा. हीटर खरोखरच जळतो तेव्हा अनेकदा त्यामागे दुष्फेन पाणी असते. कूपनलिकेच्या पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापविल्यावर विघटित होते व कॅल्शियम कार्बोनेटचे कवच हीटरवर चढते; आपल्या बंबात व पाणी तापविण्याच्या पातेल्यात पांढरे किटण बसते तेच हे. कवच उष्णतेला अडविते, आतील तार प्रमाणाबाहेर तापते आणि तुटते. हे टाळण्यासाठी यंत्रात आयन-विनिमय करणारी राळ भरलेली असते. ती पाण्यातील कॅल्शियम धरून ठेवते व त्याऐवजी सोडियम सोडते. तिची धारणशक्ती संपली की मिठाच्या तीव्र द्रावणाने ती पुन्हा ताजी होते. यंत्रात मीठ घालावयाचे ते ह्याचसाठी. आयोडीन किंवा सुटे राहण्यासाठी घातलेली द्रव्ये नसलेले जाड मीठ वापरावे, आणि मिठाच्या कप्प्यात चुकूनही क्षालक टाकू नये. त्याने राळेची यंत्रणा कायमची बिघडू शकते. बसलेले कवच सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने, यंत्र रिकामे चालवून, काढता येते.

पाटी जागेवर बसवून, सर्व झाकणे लावल्यावरच यंत्र पुन्हा विजेला जोडले. मुख्य धुणे सुरू झाले, रिलेचा 'टक' ऐकू आला, आणि मीटरचा तांबडा दिवा दहा सेकंदांत सोळा वेळा लुकलुकला. पंधरा मिनिटांनी यंत्र थांबवून, वाफ निघून जाईपर्यंत वाट पाहून, तळाच्या पाण्यात तापमापक धरला. तो ५७ अंश दाखवीत होता. जुना हीटर कागदात गुंडाळून, त्यावर '२९.५ ओहम, चांगला' असे लिहून फडताळात ठेवला आहे.